खड्ड्यांच्या बाजूनं वाचलेलं पान

मोजणीबाई नेमकं काय काम करते, हे तिच्या सासूबाईंनी शेजारणीला एकदा असं सांगितलं होतं: "अहो, कंप्युटरच्या पोटात गाठोडी असतात. गाठोड्यात गाठोडं, त्याच्यात आणखी एक. ती नीट सोडवली नाहीत की कंप्युटर रुसून बसतो. आमची सून ती सोडवते." मोजणीबाईनं हे स्वयंपाकघरातून ऐकलं, हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिली, आणि तिला वाटलं, आपल्या साहेबांनासुद्धा हे इतकं सोपं करून कधी सांगता आलेलं नाही.

मोजणीबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. ऑफिसनं ते पाडलं आणि तिनंही ओ दिली, म्हणून ते टिकलं. जिना चढताना पायऱ्या मोजायची तिला सवय होती. वडील शिंपी. त्यांच्या दुकानात बसून ती लहानपणी बटणं मोजून बाटल्यांत भरायची आणि एखादं कमी भरलं तर रडायची. शाळा मराठी, मग डिप्लोमा, मग सात वर्षं एका कचेरीत नुसते आकडे टाइप करणं. तिथंच एका जाड पुस्तकावरून ती प्रोग्राम लिहायला शिकली. लग्न झालं ते बेकरीवाल्याशी. तो पहाटे भट्टी पेटवायला जायचा, ती देवाला हात जोडून कामाला लागायची, आणि दोघांची नीट गाठभेट संध्याकाळीच पडायची. "म्हणूनच आमचं भांडण होत नाही," असं तो म्हणे.

ती एकेचाळीस वर्षांची असताना साहेबांनी तिच्यासमोर रस्ट नावाची भाषा ठेवली. मशीनच्या अगदी जवळ जाऊन काम करायची भाषा, आणि स्वभावानं कडक. आपण लिहिलेलं मशीनच्या हाती देण्याआधी तिचा कंपायलर ते तपासतो आणि तपासताना कुणाची भीडभाड ठेवत नाही. ही वस्तू कुणाच्या मालकीची? उसनी दिली असेल तर परत आली का? आली नसेल तर ती मोडायला का निघालात? ऑफिसातली निम्मी मंडळी त्याच्या कटकटीला कंटाळून गेली. मोजणीबाईला मात्र पहिल्याच आठवड्यात माहेरी आल्यासारखं वाटलं. तिच्या वडिलांच्या दुकानात कात्री नेली तर ती कुणी नेली, हे सांगितल्याशिवाय जेवण मिळत नसे.

तर अशा या बाईकडे पाच वर्षांनी एका सोमवारी शाळेचं काम आलं.

दृष्टी नसलेल्या मुलांची शाळा होती ती. तिथल्या वाचनालयात जाड जाड पुस्तकं छतापर्यंत रचलेली. पानांवर शाई नाही, नुसते उठावाचे ठिपके. एका अक्षराच्या जागेला घर म्हणायचं. प्रत्येक घरात तीन-तीनच्या दोन उभ्या रांगा, म्हणजे सहा ठिपक्यांच्या जागा: डावीकडं पहिली ते तिसरी, उजवीकडं चौथी ते सहावी. कुठले ठिपके उठले त्यावरून अक्षर. मुलं ते बोटांनी वाचतात. यातली दोनशे अकरा पुस्तकं शाळेतल्याच एका बाईंनी एकोणीस वर्षं बसून टाइप केलेली. मुलं त्यांना ठिपकेबाई म्हणत. जन्मापासून डोळ्यांनी दिसत नसलेल्या, सडपातळ, आणि जीभ कात्रीसारखी.

अडचण अशी झाली, की ठिपके उठवणारं जुनं मशीन कायमचं बंद पडलं. ते बनवणारी कंपनी कधीच बुडालेली. शाळेनं नवं मशीन आणलं, पण त्याला जुन्या फायली कळेनात. फायली सगळ्या शाबूत होत्या. पण फाईल म्हणजे नुसती आकड्यांची माळ, शून्य ते दोनशे पंचावन्न, मधे ना स्वल्पविराम ना पूर्णविराम. ती माळ कुठं तोडायची हे सांगणारा कागद कुणाकडेच नव्हता.

मुख्याध्यापिकांनी पहिल्याच दिवशी सगळं स्पष्ट केलं. "हे बघा, नवं वर्ष सुरू व्हायला आलंय. दुसऱ्या एका संस्थेकडं तयार पुस्तकं आहेत. त्यांची यादी माझ्या टेबलावर आहे. पुढच्या शुक्रवारी चारपर्यंत मला सही करून पाठवायची आहे. तोपर्यंत जुन्यातलं एक पुस्तक वाचता येईल असं निघालं, तर आपली पुस्तकं ठेवू. नाही तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. ते ठिपकेबाईंनी केलं.

"नाही तर माझी एकोणीस वर्षं रद्दीत. जुनी पुस्तकं हाताळून हाताळून सपाट झालीत, आणखी दोन वर्षांत त्यांच्यावरून नुसता हात फिरेल. बरं, तू कोण? बोल जरा, आवाज ऐकू दे."

"मी ते फायलींचं बघायला आलेय, बाई."

"बघायला? मग अवघड आहे. आमच्याकडे बघून काही होत नाही."

मोजणीबाईला हसू आलं. त्या संध्याकाळी तिनं देवापुढं एकच मागणं मागितलं: माझ्या हातून या बाईंचं काम बिघडू देऊ नकोस. यश वगैरे मागायचं तिच्या मनातच आलं नाही. यशाचं आपण बघू, बिघडायचं तेवढं तू सांभाळ, असा तिचा देवाशी जुना करार होता.

तिची कामाची रीत ऑफिसात चेष्टेचा विषय होती. प्रोग्रामचं एक अक्षर लिहिण्याआधी ती चौकटीचा कागद घ्यायची, फाईलमधले पहिले पाचशे आकडे हातानं उतरवायची आणि रंगीत पेन्सिलींनी रंगवत बसायची. शेजारच्या टेबलावरचा कामातला जोडीदार म्हणायचा, "मोजणीबाई, चित्रकलेची परीक्षा कधी आहे?" तिसऱ्या दिवशी मात्र चित्र दिसायला लागलं. आधी एक आकडा, म्हणजे गाठोड्यावरची चिठ्ठी: आत काय आहे. मग दोन आकडे, म्हणजे आत किती आहे. मग आतला माल. पुस्तकाच्या गाठोड्यात पानांची गाठोडी, पानाच्या गाठोड्यात ओळींची. सासूबाईंचंच वर्णन जसंच्या तसं.

पहिली ठेच लगेच लागली. ओळीच्या गाठोड्यावर "तेहतीस" लिहिलेलं. तिनं तेहतीस घरं काढली, तर पुढच्या ओळीची चिठ्ठीच पोटात गेली आणि तिथून सगळी माळ विस्कटली. एक दिवस त्यात गेला. मग उलगडलं: ज्यानं ही रचना केली त्यानं चिठ्ठी आणि मोजमापाचे तीन आकडेही मालात धरले होते. ओळीत घरं तीसच. "डब्यासकट वजन केलंय मेल्यानं," ती मोठ्यानं म्हणाली, आणि जोडीदारानं खुर्ची थोडी लांब सरकवली.

मग तिनं रस्टमध्ये एकेका वस्तूचा साचा केला. पुस्तक, पान, ओळ, घर. चिठ्ठीवरचा आकडा बघून ठरवायचं, हे गाठोडं कुठल्या साच्यात बसतं. इथं कंपायलर आडवा आला. आणि ओळखीचा नसलेला आकडा निघाला तर? ते सांगितल्याशिवाय मी पुढं जाऊ देणार नाही. जोडीदार म्हणाला, "टाकून द्या ना. आपल्याला काय करायचंय?"

"दुसऱ्याच्या घरातली वस्तू आहे. काय आहे ते कळत नाही म्हणून फेकायची?" ती म्हणाली आणि तिनं एक साचा जास्तीचा केला. नाव ठेवलं 'अनोळखी'. जे कळणार नाही ते आहे तसं त्यात ठेवायचं.

प्रत्येक पानाच्या शेवटी असं एक अनोळखी गाठोडं निघत होतं. चिठ्ठी नऊ नंबरची, आत काही नाही. तिनं शाळेत फोन लावला.

"बाई, पान संपलं की एक रिकामं गाठोडं येतं. नऊ नंबरचं. काही आठवतंय का?"

"रिकामं कसलं? घंटा असेल ती! पान संपलं की मशीन टण् करायचं. तुला ती दिसतेय?"

"आकडा दिसतोय."

"बघ, म्हणजे घंटासुद्धा राहिली आत." पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "बरं, ठेव फोन. मला वर्ग आहे."

आता उरलं ते एकच. घरातले सहा ठिपके एका आकड्यात कसे बसवलेत? कंप्युटर एकेक आकडा आठ कप्प्यांत ठेवतो; त्यातले सहा वापरलेले, दोन रिकामे. पण पहिला कप्पा म्हणजे कुठला ठिपका? अंदाज करायचा मोजणीबाईचा स्वभाव नव्हता. तिनं शाळेतून जुन्या पुस्तकाचं एक सुटं पान आणलं होतं, पक्ष्यांच्या पुस्तकाचं. त्याच पानाची फाईल उघडली, टेबलावरचा दिवा तिरपा केला, पान त्याच्याखाली धरलं आणि एकेक घर भिंगातून बघत जुळवत गेली. तीस घरं, पंचवीस ओळी, साडेसातशे घरं. एकही चुकलं नाही. तंतोतंत. दोनदा तपासलं, कारण एकदा तपासून तिला झोप आली नसती. ठिपक्यांना अक्षरं करायची गरजच नव्हती. फाईलमधले ठिपके नव्या मशीनला ठिपके म्हणूनच द्यायचे होते.

शुक्रवारी सकाळी दहाला ती शाळेत गेली, बेकरीतल्या ताज्या पावाची पिशवी आणि लॅपटॉप घेऊन. नवं मशीन खडखड करत चाललं, पक्ष्यांच्या पुस्तकाची पहिली वीस पानं बाहेर आली. मुख्याध्यापिका उभ्या होत्या. ठिपकेबाईंनी हात पुसले, पान पुढं ओढलं आणि उजव्या हाताचं बोट पहिल्या ओळीवर ठेवलं.

बोट पुढं गेलं. थांबलं. मागं आलं. पुन्हा पुढं गेलं.

"हे काय आहे?" त्या म्हणाल्या.

"पक्ष्यांचं पुस्तक, बाई."

"पक्षी असतील. मला एकही बसलेला सापडत नाही. मधेच एखादं अक्षर ओळखीचं भेटतं आणि लगेच उडून जातं. आणि ओळींच्या सुरुवातीलाच मोकळी जागा सोडलीयस, कुठं चार घरं, कुठं सात. शेवट मात्र सगळ्यांचा एका रेषेत. कुठल्या भाषेतलं आहे हे?"

मोजणीबाईनं लॅपटॉप जवळ ओढला. "पण मी साडेसातशे घरं जुळवलीयत. एकही फरक नाही."

मुख्याध्यापिका घड्याळाकडं बघून हळूच म्हणाल्या, "तुम्ही खूप मेहनत घेतलीत. पण मला चार वाजता पाठवायलाच हवी ती यादी."

"चार वाजायला वेळ आहे, मॅडम," ठिपकेबाई म्हणाल्या. आवाज कोरडा होता, पण पानावरचा हात त्यांनी काढला नव्हता. "जा तुम्ही. ए मुली, इकडं ये. साडेसातशे जुळवलीस म्हणतेस ना? मग कशी जुळवलीस ते मला करून दाखव. सांगू नकोस, करून दाखव."

सेहेचाळीस वर्षांच्या मोजणीबाईला 'मुली' म्हणणारं जगात आता कुणी उरलं नव्हतं. ती निमूट उठली. जुनं सुटं पान काढलं. टेबलावरचा दिवा ओढला, तिरपा केला. पान त्याच्याखाली ठेवलं, भिंग घेतलं. "अशी," ती म्हणाली. "असं धरलं की ठिपक्यांच्या सावल्या छान दिसतात. मग पहिल्या घरापासून..."

ठिपकेबाईंनी चाचपडत तिचा हात धरला, हातावरून पान गाठलं आणि पानावर तळवा टेकवला.

एवढंच केलं. मग त्या हसायला लागल्या. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी. वर्गाच्या दारातून कुणीतरी डोकावून गेलं.

"अगं, ही बाजू कुठली? हे खड्डे आहेत! तू खड्डे वाचलेस!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? ठिपका एका बाजूनं उठतो, मागच्या बाजूला खड्डा पडतो. आम्ही उठलेली बाजू वाचतो. तू पान पालथं घालून खड्डे मोजत बसलीस! पालथ्या बाजूला डावं ते उजवं होतं. साडेसातशे खड्डे! बरं झालं, दिसत नाही म्हणून मला कधी असली चूक करता आली नाही."

मोजणीबाईनं पान हातात घेतलं. उलटलं. पुन्हा उलटलं. उठलेल्या बाजूला दिव्याचा उजेड सगळीकडं सारखा पसरत होता, काही नीट दिसत नव्हतं. खड्ड्यांत मात्र सावली साचत होती, काळीभोर, मोजायला सोपी. जे स्पष्ट दिसलं तीच बाजू खरी, असं तिनं धरून टाकलं होतं. कानांपर्यंत लाल झाली. शिंप्याची पोर, आणि उलट-सुलट कळू नये!

"पण मग," ती सावकाश म्हणाली, "फाईल खड्ड्यांशी का जुळली? फाईलमध्ये तर सुलट हवं होतं."

आता ठिपकेबाई हसायच्या थांबल्या. कपाटाशी जाऊन त्यांनी एक लोखंडी पट्टी आणि एक टोकदार सळई आणली. पट्टीत घरांच्या खिडक्या होत्या. कागद अडकवून त्यांनी उजवीकडून सुरुवात केली आणि टकटक करत डावीकडं आल्या. "हातानं लिहायचं तर मागून टोचावं लागतं. म्हणून उजवीकडून डावीकडं, आणि प्रत्येक अक्षर उलटं. मग कागद पलटायचा, की सुलट. लहानपणी सगळ्यांचा पहिला महिना यातच जातो. जुनं मशीनसुद्धा मागूनच हातोड्या मारायचं, आवाज खालून यायचा. मला वाटतं, हातोडीला जसं हवं तसंच ते लिहून ठेवत असणार."

"आणि नवं मशीन?"

"त्याला सुलट द्यायचं. पलटायचं काम त्याचं ते करतं. शिकवायला आला होता त्यानं सांगितलंय."

म्हणजे फाईल बरोबर होती. गाठोडी बरोबर सुटली होती. चिठ्ठी, मोजमाप, पान, ओळ, घंटासुद्धा. फक्त घराच्या आत पाऊल टाकल्यावर डावा हात उजवा समजला गेला होता. सगळं जुळलं होतं, कारण उलटेपणा दोन्हीकडं सारखाच होता.

"बाई, मला तास-दीड तास द्या."

"घे. आणि तो पाव इकडं दे, मघापासून वास येतोय."

बदल लहानसाच. घरातला पहिला ठिपका चौथ्याच्या जागी, दुसरा पाचव्याच्या, तिसरा सहाव्याच्या, आणि तिकडचे इकडं. मग अख्खी ओळ शेवटून सुरुवातीकडं फिरवायची. बारा ओळींचा प्रोग्राम. पण घाईत तिनं एकच ओळ एका हातानं वाचायला घेतली आणि दुसऱ्या हातानं तीच फिरवायला लागली. कंपायलर ताडकन म्हणाला, ही ओळ आधीच उसनी दिलेली आहे, ती परत आल्याशिवाय हात लावता येणार नाही.

"काय म्हणतोय तो?" ठिपकेबाईंनी पाव खाता खाता विचारलं.

"एक वस्तू दोघींनी एकदम ओढू नका म्हणतोय."

"शहाणा दिसतो. आमच्या वाचनालयात ठेवू या त्याला."

तिनं वेगळी ओळ करून त्यात घरं उलट्या क्रमानं भरली, आणि कंपायलर गप्प झाला. मग जुनं पान घेऊन ती पुन्हा जुळवायला बसली. या वेळी भिंग नाही. उठलेली बाजू वर, डोळे मिटून, बोटानं. तिला अक्षर येत नव्हतं, पण ठिपका आहे की नाही एवढं बोटाला कळत होतं. फार हळू चाललं होतं. ठिपकेबाई शेजारी बसून "डावीकडं वर. आता खाली. अगं दाबू नकोस, त्याला काय गुदगुल्या करायच्यात? नुसतं बोट फिरव," असं शिकवत होत्या. सहा ओळी झाल्यावर त्याच म्हणाल्या, "पुरे. काढ छापून."

सव्वातीनला मशीन पुन्हा खडखडलं. मुख्याध्यापिका आल्या, हातात यादीची फाईल होती. मोजणीबाईनं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि वीस पानं टेबलावर ठेवली.

ठिपकेबाईंचं बोट ओळीवर आलं आणि या वेळी थांबलंच नाही. ओठ हलत होते, आवाज नव्हता. एक पान. दुसरं पान. मधेच त्या स्वतःशीच "हां, तो खंड्या," असं म्हणाल्या. मुख्याध्यापिकांनी खुर्ची ओढली आणि काही न विचारता बसल्या. सात पानं झाली, दहा झाली. पंधराव्या पानाच्या मध्यावर बोट थांबलं. मागं आलं. पुन्हा पुढं गेलं. पुन्हा थांबलं.

"इथं चूक आहे," ठिपकेबाई म्हणाल्या.

मोजणीबाई पानावर वाकली. "कुठं?"

"नववी ओळ. दहावीला तीच ओळ पुन्हा आलीय. 'सुतार पक्षी चोचीनं खोडाला भोक पाडतो.' दोनदा."

माळ कुठंतरी दोनदा वाचली गेली असेल. ओळ फिरवताना पुढं सरकायचं राहिलं असेल. मोजणीबाईनं लॅपटॉप ओढला, पंधरावं पान उघडलं आणि मूळ आकडे मोजायला लागली. सात, आठ, नऊ. दहा. तिनं पुन्हा मोजलं. "बाई, फाईलमध्येच दोनदा आहे. मी नाही केलेली."

"तू कशाला करशील? माझीच आहे ती." ठिपकेबाईंचा चेहरा असा झाला होता, की गर्दीत जुनी मैत्रीण भेटावी. "टाइप करताना मुख्याध्यापकांनी हाक मारली होती. या मॅडमच्याही आधीचे. मी परत येऊन बसले आणि तीच ओळ पुन्हा मारली. एक ओळ काढायची तर अख्खं पान पुन्हा टाइप करावं लागे, म्हणून राहिली. दर वर्षी पोरं विचारतात, बाई, सुतार पक्षी दोन भोकं पाडतो का?"

मुख्याध्यापिका बुचकळ्यात पडल्या. "म्हणजे मी काय समजू? पुस्तक बरोबर आहे, की नाही?"

"मॅडम, हे माझं पुस्तक आहे. माझ्या चुकीसकट आहे. ती यादी कपाटात ठेवून द्या."

मुख्याध्यापिकांनी मोजणीबाईकडं बघितलं. मोजणीबाईनं मान डोलावली. यादीची फाईल बंद झाल्याचा आवाज ठिपकेबाईंनी नीट ऐकला, आणि मगच सोळावं पान पुढं ओढलं.

"आता ती ओळ काढून टाकता येईल, बाई," मोजणीबाई जरा वेळानं म्हणाली. "मी गाठोडी सोडवते तशी बांधूही शकते. दोन मिनिटांचं काम आहे."

"येईल ना? मग थांब, घाई करू नकोस. आधी दोनशे दहा अजून यायचीयत. प्रत्येकात माझ्या अशा दोन-चार निघतील, मला सगळ्या पाठ आहेत. घे लिहून. इतिहास, आठवं पान, चौदावी ओळ."

मोजणीबाईनं चौकटीचा कागद काढला आणि लाल पेन्सिल शोधायला लागली.